चौदावा वाटा

आमच्या घरात रविवारची दुपार म्हणजे झोप. लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिल्याच रविवारी मला ते कळलं. मटण-भाकर झाली की सासरे ओट्यावर, सासूबाई माजघरात, नवरा पत्र्याखालच्या खाटेवर, आणि सगळ्या गल्लीत तसंच. हाडं चघळून कुत्रीसुद्धा नालीच्या कडेला आडवी व्हायची. ऊन भिंतीवरून हळूहळू खाली उतरत असायचं, शेरडं दाव्याला बांधलेली, तीही डोळे मिटून रवंथ करायची. मला ती झोप फक्त ऐकायला मिळायची. मी मोरीत बसून राखेनं पातेलं घासत असायचे, आणि भिंतीपलीकडून चार घरांचं घोरणं एकत्र यायचं. पातेलं घासता घासता माझेही डोळे मिटायचे, पण हात चालू असायचे.

मांजरसुंब्याच्या फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं. नवऱ्याचं फाट्यावर पंक्चरचं दुकान आणि सासऱ्यांची शेरडं, यावर घर चालतं. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. आमच्याकडे तशीच रीत आहे.

मामा शाळेत गेले नाहीत, पण त्यांचा हात शिकलेला होता. बोकडाच्या पाठीवर अंगठा आणि दोन बोटं दाबली की ते सांगायचे, मटण किती पडेल. डोळे मिटून सांगायचे. त्यांच्या या हातावर रविवार चालायचा. गावाबाहेरच्या चिंचेखाली चौदा घरं मिळून एक बोकड घ्यायची. मुलाणी कापून, सोलून, तुकडे करून द्यायचा आणि मग मामा पळसाच्या पानांवर चौदा ढीग घालायचे. तराजू नाही, काही नाही. थोडी नळी, थोडी चाप, थोडी चरबी, असं बोटांनी चाचपत एकेका पानावर ठेवायचे. मनासारखं झालं नाही तर एक तुकडा उचलून दुसऱ्या पानावर. त्यांचा हात थांबला की वाटे सारखे झाले असं सगळे समजायचे.

त्यानंतर प्रत्येक घरानं एकेक खूण द्यायची. कुणी बटण, कुणी काडी, कुणी किल्ली. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला तरी हाक मारायची, त्यानं त्या खुणा एकेका ढिगावर ठेवायच्या. कुठली खूण कुणाची ते त्याला ठाऊक नसायचं. ज्या ढिगावर ज्याची खूण पडेल तो त्याचा वाटा; त्यावर पुढं कुणी बोलायचं नाही. मामांची खूण म्हणजे एक पितळी घुंगरू. त्यांच्या कुठल्या तरी जुन्या शेळीच्या गळ्यातलं. वाटे घालणाऱ्याला काळजाचा मान असायचा. ते काळीज मामा पळसाच्या पानात गुंडाळून आणायचे, चुलीतल्या निखाऱ्यावर भाजायचे आणि मिठाचा खडा लावून एकटेच खायचे. तेवढी पाच मिनिटं त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

बाया चिंचेखाली जात नसत. हे सगळं मी नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं, आणि रानात जाता-येता लांबून बघितलेलं. आमचं काम वाटा घरी आल्यावर सुरू व्हायचं. आधी पुरुष जेवायचे, मग आत्या, मग मी. माझ्यापर्यंत पातेलं येईपर्यंत त्यात रस्सा उरलेला असायचा आणि एखादं हाड, ज्याला कधी काळी मटण होतं असं म्हणता यायचं. मी पातेलं भाकरीनं पुसून घ्यायचे. तक्रार नव्हती. माझ्या आईनं तेच केलं होतं, आत्यांनीही तेच केलं होतं.

काही वर्षांपूर्वी मामांच्या पायाचा अंगठा सुजला. आधी दगड लागला असेल म्हणून हळद लावली. मग तो एवढा लाल झाला की वरून धोतराचा काठ घासला तरी मामा डोळे गच्च मिटायचे. आयुष्यभर शेरडांमागं चाललेला माणूस खाटेवरून मोरीपर्यंत भिंत धरून जायला लागला. आम्ही त्यांना बीडला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, युरिक ॲसिड वाढलंय म्हणाले. काय खाता विचारलं. रविवारचं सगळं ऐकून घेतलं, काळजाचंही. मग नवऱ्याला जवळ बोलावून त्याचंही बीपी बघितलं आणि दोघांकडे बघून म्हणाले, "घरात भाजीपाला वाढवा. मटण बंद. काळीज तर पूर्ण बंद."

मामा म्हणाले, "आन् न्हाई केलं तर?"

"काम काय करता बाबा?"

"शेरडामागं फिरतो."

"अजून फिरायचंय का?"

मामांनी अंगठ्याकडे बघितलं.

येताना एसटीत ते खिडकीशी बसले होते. बाहेर माळावर कुणाची तरी शेरडं चरत होती, त्यांच्यामागं एक जण काठी खांद्यावर आडवी टाकून चालला होता. तो दिसेनासा होईपर्यंत मामा मान वळवून बघत राहिले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "घरात शिजवू नका. शिजलं तर मी खाणार. माजा मला भरवसा न्हाई."

असं आमच्या घरातून मटण गेलं. खरं सांगायचं तर मला मनातून बरंच वाटलं. मटणाचा भाव ऐकला की मी दर शनिवारी घरातले पैसे दोनदा मोजायचे. आता रविवारचे ते पैसे मी मसाल्याच्या रिकाम्या डब्यात टाकायला लागले. काही रविवार गेल्यावर त्यातून मामांना मऊ तळव्यांचे बूट आणले. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे. मामांनी बूट हातात घेऊन दाबून बघितले, बोकडाची पाठ दाबतात तसेच, आणि कोनाड्यात ठेवून दिले. म्हणाले, "हे घालून गेलो तर शेरडं हसत्याल."

पहिले तीन-चार रविवार फार वाईट गेले. मी पानकोबी केली, दोडका केला, बटाटा केला. सगळे गुमान जेवायचे आणि जेवण झाल्यावर काय करावं ते कुणालाच सुचायचं नाही. झोपच येत नव्हती. आत्या माजघरातून उठून अंगणात, अंगणातून माजघरात. नवऱ्यानं चांगला चालणारा पंखा उघडून ठेवला, तो पुढं आठवडाभर चालला नाही. मामा ओट्यावर पडून आढ्याकडे बघत असायचे. शेजारून मात्र नेहमीसारखं घोरणं यायचं. आमचं घर त्या झोपेच्या बाहेर राहिलं होतं. गाव सगळं पाण्याखाली आणि आम्ही चौघं तेवढे काठावर.

एका दुपारी मामांचा जरा डोळा लागला आणि ते दचकून उठले. मला म्हणाले, "सपनात काळीज भाजत व्हतो गं. पर मीठच सापडंना. सगळे डबे उघडले, मीठच न्हाई." त्यांचा चेहरा इतका हरवलेला होता की मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

त्याच संध्याकाळी मी माहेरी, युसूफ वडगावला आईला फोन केला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात येसर हाय का?"

येसर म्हणजे ज्वारी, गहू, डाळ खमंग भाजून मसाल्यांसोबत दळून ठेवलेलं पीठ. लग्नाकार्यात त्याची आमटी होते. पण आमच्या माहेरी मटण वर्षातून एक-दोनदाच यायचं, म्हणून आई येसर वेगळ्या रीतीनं वापरायची. कांदा आणि खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर काळी होईपर्यंत भाजायची, पाट्यावर वाटायची, काळं तिखट टाकून तेल सुटेपर्यंत परतायची आणि मग येसर पाण्यात कालवून सोडायची. त्यात शेवग्याच्या शेंगा. आम्ही भावंडं त्या शेंगा नळीसारख्या चोखायचो. आता आठवतं, आई भाजताना खिडकी उघडी ठेवायची. गल्लीला वास जावा म्हणून. आमच्याकडेही काहीतरी शिजतंय हे लोकांना कळावं, एवढीच तिची हौस होती.

आमच्या घरामागं शेवग्याचं झाड होतं. त्या रविवारी मी आईनं सांगितलं तसं सगळं केलं. खोबरं निखाऱ्यावर पडलं आणि त्याचा धूर वर चढला, तशी मला लहानपणची, परकरातली मीच त्या धुरात उभी दिसले, हातात शेंग धरलेली. मामा ओट्यावरून म्हणाले, "काय शिजतंय?" मी ताटं घेतली. ताटात वाढलं. मामांनी एक शेंग उचलली, दातांत धरली, ओढली. दुसरी. तिसरी. चोखलेल्या शेंगांचा ढीग ताटाच्या कडेला झाला. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि हात धुऊन ओट्यावर जाऊन पडले. मी मोरीत बसले, पहिलं पातेलं हातात घेतलं, आणि ओट्यावरून घोरणं ऐकू आलं. मग खाटेवरून. मग माजघरातून. मी राखेचा हात तसाच धरून ऐकत बसले. आमची झोप परत आली होती.

मामांनी वाटा सोडला तरी वाटे घालणं सोडलं नव्हतं. अंगठ्याची सूज हळूहळू उतरत होती. दर रविवारी ते काठी टेकत चिंचेखाली जायचे, चौदाऐवजी तेरा ढीग घालायचे, काळजाचेही तेरा तुकडे करून वाटून टाकायचे, आणि रिकाम्या हातानं घरी यायचे. घुंगरू खिशातच असायचं. घरात शिरताना ते खिशात वाजायचं, त्यावरून मला कळायचं की मामा आले. एकदा मी म्हटलं, "मामा, खायचं न्हाई तर जायचं कशाला उन्हात?" ते म्हणाले, "हाताला सवय हाय." त्यांना चिंचेखाली कुणी बोलावणं थांबवलं असतं, तर त्यांचं काय उरलं असतं ते मला तेव्हा नीट समजत नव्हतं.

एका शनिवारी त्यांचा पाय पुन्हा दुखायला लागला, म्हणून बोकड निवडायला ते गेले नाहीत. कोपऱ्यावरचे किराणावाले जाऊन घेऊन आले. ते वाट्यातलेच होते. दुसऱ्या दिवशी मामा लंगडत जाऊन वाटे घालून आले. त्या दुपारी मी येसरचा रस्सा केला, आणि आईसारखीच खिडकी उघडी ठेवली. मलाही हौस होतीच.

मग मधल्या वारी मी गूळ आणायला किराणावाल्यांकडे गेले. ते दुकानात कुणाशी तरी बोलत होते, मला बघून थांबले. गूळ फोडता फोडता म्हणाले, "काय वैनी, वाटा सोडलाय म्हणं. पर रविवारी वास तर लई झकास येतोय."

"येसर हाय," मी हसून म्हटलं.

"येसरला नळीचा वास कावून यील?" त्यांनी गूळ काट्यावर ठेवला, एक खडा काढला, पुन्हा टाकला. "मागल्या रविवारी वाटे लई बारके झाले बघा. एवढं मोठं बोकड. मटण गेलं कुटं, कुणाला म्हाईत."

मी पैसे देऊन निघाले. गल्लीच्या वळणापर्यंत मी गुळाच्या भावाचाच विचार करत होते. वळणावर मला कळलं, ते काय म्हणाले. मामा वाटे घालताना मटण मारतात. काळीज सोडल्याचं सोंग करतात आणि नळ्या घरी आणतात. आमच्या घरातल्या खिडकीतून जो वास बाहेर गेला, त्यानं चोरीचा पुरावा दिला होता. आणि ती खिडकी मी उघडली होती.

घरी येऊन मी मामांना सांगितलं. त्यांना माहीत होतं. "दोन दीस झाले," ते म्हणाले. "मी गेलो की बोलायचे थांबत्यात."

"मग तुमी बोलला कावून न्हाई?"

"काय बोलू? बोकड त्यांनीच आणलं व्हतं. मीठ चारून, पाणी पाजून फुगवलेलं. हात लावला तवाच कळलं मला. पर चारचौघांत कुणाची चूक काढायची?" आणि मग म्हणाले, "आता न्हाई जात मी."

पुढच्या रविवारी ते खरंच गेले नाहीत. सकाळी उठले, आंघोळ केली, सदरा घातला आणि ओट्यावर बसून राहिले. वाटे घालायची वेळ झाली. मामांची बोटं मांडीवर हलत होती. अंगठा आणि दोन बोटं, दाबल्यासारखी. मी ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. एकदा डोकं फिरलं की पाय आधी चालायला लागतात.

मी पहाटेच रस्सा करून ठेवला होता. जर्मनचं पातेलं चुंबळीवर घेतलं, वर पळी ठेवली आणि निघाले. तो रस्ता आता आठवला की ते सगळं स्वप्नात घडल्यासारखं वाटतं. ऊन कोवळं होतं, बाभळीखालून चालताना सावल्या पायांवरून जात होत्या, पळी पातेल्यावर वाजत होती. आणि मी, जी कधी चिंचेखाली गेले नव्हते, सरळ चिंचेखाली जाऊन उभी राहिले. तेरा घरांचे पुरुष, त्यांतच किराणावाले, आणि मुलाणी. पानं मांडून झाली होती. वाटे कुणी घालायचे यावरून सगळे एकमेकांकडे बघत होते.

मी पातेलं खाली ठेवलं. "घ्या," म्हटलं. "शोधा नळी."

मी पळीनं एकेका रिकाम्या पानावर रस्सा ओतला, शेंगा टाकल्या. एका म्हाताऱ्यानं बोट बुडवून चाटलं. मग शेंग उचलली. मग दुसऱ्यानं. किराणावाल्यांनी सगळ्यांत शेवटी एक शेंग घेतली, उलटीसुलटी करून बघितली, दातांत धरली आणि मग खाली ठेवली. कुणी हसलं नाही. एक जण हळूच म्हणाला, "शेवगाच हाय बे." मी रिकामं पातेलं उचललं आणि परत फिरले. सगळ्या रस्त्यानं माझी छाती फुगलेली होती.

मामा ओट्यावरच होते. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. गावात बातमी बाईपेक्षा आधी घरी पोचते.

"चाळीस वर्सं हातानं वाटलं," ते म्हणाले. "आन् आज माजी साक्ष पातेल्यानं दिली."

ते ओरडले असते तर मी उलट बोलले असते. ते एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. माझी छाती एकदम रिकामी झाली. मी त्यांचं नाव वाचवायला गेले होते. पण ज्या हाताला कधी कुणी पुरावा मागितला नव्हता, त्याचा पुरावा मी आपणहून चव्हाट्यावर मांडून आले होते. मी चुकले, हे मला मोरीत पातेलं घासताना कळलं, आणि कळल्यावरही त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

त्यानंतर तीन आठवडे मामा माझ्याशी बोलले नाहीत. पाणी मागायचं तर आत्यांना मागायचे. चिंचेखाली आता किराणावाल्यांचा काटा जायला लागला, आकडे दिसणारा, सेलवरचा. पण काट्याला हाड आणि मटण सारखंच. एकाच्या पानावर नुसत्या नळ्या, दुसऱ्याच्या पानावर नुसती चरबी, आकडा मात्र दोन्हीकडे तोच. पहिल्या रविवारी कुरबुर झाली, दुसऱ्या रविवारी एकानं पान उलटून दिलं म्हणे. नवरा हे सगळं जेवताना सांगायचा. मामा ऐकायचे आणि भाकर मोडत राहायचे.

मामा आता रविवारी कुठं जात नसत, म्हणून घरातच असायचे. ओट्यावर ऊन आलं की स्वयंपाकघराच्या दाराशी पोतं टाकून बसायचे. पूर्वी ते जेवले की झोपायचे. आता झोप नव्हती, तेव्हा बसून बघत राहायचे. मी आत्यांना वाढायचे, मग स्वतःला. पातेल्यात शेंगा उरलेल्या नसायच्या. मी भाकरीनं पातेलं पुसायचे. एकदा मान वर केली तर मामा माझ्या हाताकडे बघत होते. मी पदर सारखा केला आणि पातेलं जरा तिरकं धरलं.

तिसऱ्या रविवारी सकाळीच दाराशी किराणावाले आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. चपलेचा अंगठा जमिनीवर घासत म्हणाले, "मामा, चला. तुमच्याबिगर जमंना झालंय. माजी चूक झाली. बोकड बी माज्याच हातनं फसलं व्हतं."

मी आत चुलीशी होते, रस्सा नुकताच उतरवला होता. मला वाटलं, आता मामा नाही म्हणतील, आणि त्यांचं ते नाही माझ्या डोक्यावर राहील, जन्मभर.

मामा उठले. भिंत न धरता उठले. स्वयंपाकघरात आले आणि आत्यांना म्हणाले, "चार वाट्या काढ. सारख्या."

आत्यांनी काढल्या. मामांनी पातेलं स्वतःकडे ओढलं. पळी घेतली. एकेका वाटीत रस्सा घातला, मग बोटांनी एकेक शेंग उचलून ठेवायला लागले. एक लांब, एक आखूड. एक गराची, एक कोवळी. एका वाटीतली शेंग काढून दुसरीत टाकली. थांबले. एक फोड इकडची तिकडे केली. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी खिशातून घुंगरू काढलं आणि जमिनीवर ठेवलं. नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं खिशातून ट्यूबच्या व्हॉल्व्हचं टोपण काढलं. आत्यांनी कनवटीची सुपारी ठेवली. मग मामा माझ्याकडे वळले. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा.

"तुजी खूण दे," ते म्हणाले.

माझ्याकडे खूण नव्हती. कधी लागलीच नव्हती. मी हात चाचपले, बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन निघाली, ती ठेवली.

मामांनी त्या चार वस्तू ओंजळीत घेतल्या, खुळखुळवल्या आणि दारातल्या किराणावाल्यांना आत बोलावलं. "तुमाला म्हाईत न्हाई कुणाची कुटली. ठेवा."

किराणावाले वाकले. घुंगरू एका वाटीशी, टोपण दुसऱ्या, सुपारी तिसऱ्या. पिन शेवटच्या वाटीशी. मी त्या वाटीत बघितलं. तीन शेंगा, दोन बटाट्याच्या फोडी, वर तेलाचा लाल तवंग. बाकीच्या तीन वाट्यांत बघितलं. तेवढंच होतं.

"चौदा घरांत सारकं वाटत आलो," मामा म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. नजर वाट्यांवर होती. "ह्या घरात कदी बघितलं न्हाई." मग पिनची वाटी माझ्याकडे सरकवली. "घे. तुजा हाय."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मामांनी कोनाड्यातून बूट काढले, उंबऱ्यावर बसून घातले, आणि किराणावाल्यांच्या पुढं चालायला लागले. शेरडं हसली नाहीत. मामांची वाटी मी झाकून ठेवली.

तेव्हापासून आमच्याकडे हीच रीत आहे. मटण आता जत्रेला किंवा पाहुणे आले तरच होतं, तेही मामा खात नाहीत. बाकी रविवारी येसर, शेवगा, कधी वांगं, आणि चार वाट्या, चार खुणा. मामा चिंचेखाली तेरा वाटे घालून येतात आणि येऊन घरचे चार घालतात. अंगठा वर्षातून एखाद्या वेळी कुरकुरतो, पण शेरडांमागं ते अजून जातात.

त्या रविवारी ते परत आल्यावर आम्ही चौघं एकदमच जेवायला बसलो. मी माझ्या शेंगा एकेक करून, सावकाश चोखल्या. जेवण झालं तेव्हा ऊन भिंतीवरून अर्धं उतरलं होतं. पातेलं मोरीत होतं, ते घासायला हवं असं मला वाटत होतं. मी माजघरात जरा पाठ टेकली. बाहेर मामांच्या खिशात घुंगरू एकदा वाजलं, मग ऐकू आलं नाही. घरात सगळ्यांत आधी झोप मला लागली.